इंजिनाचे तेल काय सांगते?

कोणत्याही गॅरेजसमोर दहा मिनिटे उभे राहिलात तर एक दृश्य हमखास दिसेल. मोटरसायकल मधल्या स्टँडवर लावलेली असते. मेकॅनिक इंजिनाच्या पोटाखालचा बोल्ट सोडतो आणि काळेभोर तेल डब्यात पडू लागते. धार थेंबांवर आली की तो एक थेंब बोटावर घेतो, अंगठ्याने चोळतो, उन्हात धरून पाहतो. मग म्हणतो, "इंजिन चांगलं आहे, सर." किंवा नुसतेच "हं" म्हणतो. त्या "हं"चा अर्थ बहुधा खर्चाचा असतो.

त्या एका थेंबात तो काय पाहतो? आणि जे त्याच्या अनुभवी बोटांना कळते, ते आपल्याला पद्धतशीरपणे पाहता येईल का?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या एका सरांमुळे. सर रोज २२ किलोमीटरवरून मोटरसायकलने येत. गाडी शंभर सीसीची, जुनी पण सांभाळून वापरलेली. एका वर्षी त्या रस्त्याचे रुंदीकरण सुरू झाले. धुळीने एअर फिल्टर सारखा चोंदू लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. शेवटी कोणीतरी फिल्टरच काढून टाकला. "बघा सर, पिकअप कसा वाढला!" पिकअप खरोखरच वाढला. वर्षभराने मागून निळा धूर येऊ लागला आणि बोअर-पिस्टनचे काम निघाले. त्या महिन्याच्या पगाराला चांगलेच भगदाड पडले.

त्या वर्षात सरांनी चार वेळा तेल बदलले होते. चारही वेळा त्या तेलातून इंजिन काहीतरी सांगत होते. ते कोणी ऐकले नाही, इतकेच. ते कसे ऐकायचे, हे या लेखात पाहू.

झीज होते कुठे?

आपल्याकडे १९८५ नंतर शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक मोटरसायकली रुळल्या. उदाहरणादाखल १९९४ साली आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरचे इंजिन घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. विद्यार्थ्यांना यावरून इंजिनाचे घनफळ काढायला सांगा. उत्तर ९७.२ घन सेंटिमीटर येते.

आता आणखी एक गणित. क्रँकच्या एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे ९९ मिलिमीटर सरकतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना असे इंजिन मिनिटाला साधारण ५,००० फेरे घेते. म्हणजे मिनिटाला ४९५ मीटर आणि तासाला जवळजवळ ३० किलोमीटर! गाडी रस्त्यावरून ५० किलोमीटर जाते, तेवढ्या वेळात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर ३० किलोमीटर घासत जातात. गाडी ३,००० किलोमीटर चालली तर हे घासणे १,८०० किलोमीटरचे होते. एवढे घासूनही सिलिंडर टिकतो, हेच खरे नवल आहे.

तो टिकतो तेलामुळे. रिंग आणि भिंत यांच्यामध्ये काही मायक्रॉन जाडीचा तेलाचा थर असतो. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) पिस्टन वेगात असतो तेव्हा रिंग या थरावर तरंगत जाते. पण वरच्या आणि खालच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो आणि तिथे हा थर पातळ पडतो. वरच्या टोकाला त्यात जळणाऱ्या वायूंचा दाब आणि उष्णतेची भर. म्हणून सिलिंडर सर्वांत जास्त वरच्या टोकापाशी झिजतो. जुना सिलिंडर उघडल्यावर तिथे नखाला एक काठ लागतो. मेकॅनिक नख फिरवून पाहतो ते यासाठीच.

तेलाची कामे

घर्षण कमी करणे हे तेलाचे पहिले काम. याशिवाय ते उष्णता वाहून नेते आणि रिंग व भिंत यांच्यातली बारीक फट बुजवते. चौथे काम आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तेल इंजिन धुते. जिथे जिथे ते जाते तिथले काजळीचे, धुळीचे आणि धातूचे कण आपल्याबरोबर घेऊन येते.

मोटारीच्या तेलापेक्षा मोटरसायकलच्या तेलाचा व्याप मोठा असतो. बहुतेक छोट्या मोटरसायकलींत क्लचच्या चकत्या आणि गिअरही त्याच तेलात बुडालेले असतात. म्हणजे एकच लिटरभर तेल इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स अशा तीन ठिकाणांहून फिरून येते आणि तिन्ही ठिकाणच्या खुणा आणते. (जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांत इंजिनाचे तेल पेट्रोलबरोबर जळून जात असे. त्यामुळे तिथे तपासायला काही उरतच नसे.)

शिवाय अशा कित्येक इंजिनांत मोटारीसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो. एक तारेची जाळी असते आणि क्रँकबरोबर गरगर फिरणारी एक वाटी असते. दुधातून साय वेगळी काढणाऱ्या यंत्राचेच तत्त्व इथे वापरलेले असते. जड कण बाहेर फेकले जाऊन वाटीच्या कडेला घट्ट बसतात. उजवीकडचे झाकण उघडून मेकॅनिक या वाटीतला काळा गाळ खरवडून काढतो. तो गाळ म्हणजे इंजिनाचे जुने दप्तरच. पण ते रोज उघडता येत नाही. दर दोन-तीन हजार किलोमीटरला आपोआप हाती येते ते तेल.

काळा रंग फसवतो

"ऑइल काळं झालं, म्हणजे इंजिन खराब झालं" हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे.

तेलात मुद्दाम अशी द्रव्ये मिसळलेली असतात की जी काजळीच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत आणि तेलात तरंगत ठेवतात. साबण मळाच्या बाबतीत जे करतो तेच ती करतात. तेल काळे झाले याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की ही द्रव्ये आपले काम करत आहेत आणि काजळी इंजिनात साचून न राहता तेलाबरोबर बाहेर पडते आहे.

उलट मधासारख्या स्वच्छ दिसणाऱ्या तेलातही धातू असू शकतो. नुसत्या डोळ्यांना साधारण ५० मायक्रॉनपेक्षा लहान कण सुटा दिसत नाही. सर्वसाधारण झिजेतून निघणारे कण १५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात, बरेचसे तर त्याहून कितीतरी लहान. ते दिसणारच नाहीत.

म्हणून पहिला नियम असा: रंगावरून झिजेचा निवाडा करू नये. मात्र एक रंग खरोखर धोक्याचा आहे, दुधाच्या चहासारखा. तेलात पाणी शिरून मिसळले की तो येतो. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात गाडी घातल्यावर तो दिसला तर तेल लगेच बदलावे.

कोणता धातू, कोणता भाग

इंजिनाचे सर्व भाग एकाच धातूचे नसतात, आणि हीच गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. तेलात कोणता धातू सापडला यावरून तो कुठून आला याचा अंदाज करता येतो.

लोखंड: बिडाचा सिलिंडर, रिंगा, कॅम, क्रँक आणि गिअरचे दाते. सर्वांत जास्त सापडणारा धातू हाच.

ॲल्युमिनियम: मुख्यतः पिस्टन.

क्रोमियम: वरच्या रिंगेवर त्याचा मुलामा दिलेला असतो.

तांबे: काशाचे बुश असतील तर ते. मोटारीत क्रँकच्या बेअरिंगांमधूनही तांबे येते, पण छोट्या मोटरसायकलींच्या क्रँकला बहुधा गोळ्यांची किंवा रोलरची पोलादी बेअरिंगे असतात.

सिलिकॉन: हा इंजिनाचा भागच नव्हे. तो येतो रस्त्यावरच्या मातीतून. (तेलाला फेस येऊ नये म्हणून घातलेल्या द्रव्यात आणि सांधे बुजवण्याच्या लेपातही थोडा सिलिकॉन असतो, हे लक्षात ठेवावे.)

खरा अर्थ लागतो तो जोड्यांवरून. एकटे लोखंड वाढले तर गिअर, कॅम किंवा सिलिंडर यांपैकी काहीही असू शकते. पण सिलिकॉन, लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम हे सारे एकदम वाढले तर गोष्ट स्पष्ट आहे. धूळ आत शिरली असून ती सिलिंडर, रिंग आणि पिस्टन यांना एकाच वेळी खाते आहे.

आमच्या सरांच्या इंजिनात नेमके हेच घडले असणार. शंभर सीसीचे इंजिन ५,००० फेऱ्यांना, थ्रॉटल पूर्ण उघडी असताना, मिनिटाला २४० लिटरच्या आसपास हवा आत ओढते. (९७.२ घन सेंटिमीटर गुणिले २,५००. कारण हवा दर दोन फेऱ्यांत एकदाच आत येते.) ती हवा खोदलेल्या रस्त्यावरची, आणि मध्ये फिल्टर नाही. मातीतले गारगोटीचे कण बिडापेक्षा कठीण असतात. तेलाचा थर काही मायक्रॉनचा आणि धुळीचा कण दहा-वीस मायक्रॉनचा. तो थरातून डोके वर काढणारच आणि दोन्ही बाजूंना ओरखडे पाडणारच. पॉलिश पेपरमध्येही याहून वेगळे काही नसते.

एक छोटेसे गणित

प्रयोगशाळेत तेलातल्या धातूचे प्रमाण दहा लाख भागांत किती भाग, असे सांगतात. तंत्रज्ञ त्याला 'पीपीएम' म्हणतात. हा आकडा ऐकायला निर्जीव वाटतो. त्याचा अर्थ काय ते काढून पाहू.

समजा, ३,००० किलोमीटर चाललेल्या गाडीतून सुमारे ९०० मिलिलिटर तेल निघाले. त्याचे वजन साधारण ८०० ग्रॅम. त्यात लोखंडाचे प्रमाण १०० पीपीएम निघाले, असे धरू. म्हणजे एकूण लोखंड ८० मिलिग्रॅम. बिडाच्या एका घन मिलिमीटरचे वजन सुमारे ७.२ मिलिग्रॅम असते. तेव्हा झिजलेल्या लोखंडाचे घनफळ ११ घन मिलिमीटर झाले. गव्हाच्या एका दाण्याहूनही कमी.

हे सारे लोखंड सिलिंडरच्याच भिंतीवरून आले असे मानू. भिंतीचे क्षेत्रफळ ३.१४ × ५० × ४९.५, म्हणजे जवळजवळ ७,८०० चौरस मिलिमीटर. ११ ला ७,८०० ने भागले की ०.००१४ मिलिमीटर येतात, म्हणजे १.४ मायक्रॉन.

अशा इंजिनात सिलिंडरचा व्यास सुमारे ०.१ मिलिमीटरने वाढला की रीबोअरची भाषा सुरू होते. व्यासात ०.१ म्हणजे एका बाजूला ०.०५ मिलिमीटर, अर्थात ५० मायक्रॉन. दर तेलबदलास १.४ मायक्रॉन झीज धरली तर ही मर्यादा गाठायला पस्तीस तेलबदल लागतील. म्हणजे गाडी एक लाख किलोमीटरच्या पुढे जाईल.

आता धुळीमुळे हाच वेग पाचपट झाला तर? सात मायक्रॉन दर वेळी. सात तेलबदल आणि २१,००० किलोमीटर. गाडी आधीच अर्धी झिजलेली असेल तर दहा हजारांतच काम संपले. सरांनी स्वतः हे गणित फळ्यावर सोडवले तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते. त्यांच्या चार तेलबदलांचा हिशेब जवळपास तंतोतंत जुळत होता.

या गणितात आपण दोन गोष्टी सोप्या करून घेतल्या आहेत. सगळे लोखंड सिलिंडरचे नसते, आणि झीज सर्व भिंतीवर सारखी होत नाही. तरीही एक गोष्ट पक्की आहे. एका वेळच्या आकड्यापेक्षा तो किती वेगाने वाढतो आहे, हे जास्त महत्त्वाचे.

रेल्वेने घालून दिलेला धडा

तेलातून इंजिनाची प्रकृती ओळखण्याची पद्धत मोटरसायकलसाठी जन्मलेली नाही. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या रेल्वेच्या प्रयोगशाळेने १९४६ साली डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या तेलातील धातू मोजून बिघाड आधीच ओळखून दाखवले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाने ही पद्धत विमानांच्या इंजिनांसाठी उचलली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ही तपासणी नियमित केली जाते. एक डिझेल इंजिन बंद पडले तर किती गाड्या खोळंबतात, हे आठवले की तिचे मोल कळते.

तपासणीचे तत्त्व आपण शाळेत शिकवतो तेच आहे. मीठ ज्योतीत टाकले की ज्योत पिवळी होते. प्रत्येक मूलद्रव्य तापवले की आपापल्या ठराविक रंगांचा प्रकाश देते. बन्सेन आणि किर्कहॉफ यांनी १८५९-६० मध्ये यावरून मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत बसवली. सूर्यातील हेलियमचा शोध याच मार्गाने लागला. त्या शोधाशी जोडलेले १८६८ चे खग्रास ग्रहण जान्सेन यांनी आपल्याकडच्या गुंटूरहून पाहिले होते.

तेलाच्या बाबतीत एक छोटी ग्राफाइटची चकती तेलात फिरवतात. चकतीवर चढलेल्या तेलाच्या थरावर विजेची ठिणगी पाडतात. तेल आणि त्यातला धातू यांची वाफ होऊन ती प्रकाशते. त्या प्रकाशाचा वर्णपट पाडून कोणत्या धातूची रेषा किती तेजस्वी आहे, ते मोजतात. अवघ्या मिनिटाभरात वीसेक मूलद्रव्यांचे आकडे मिळतात.

पण या पद्धतीत एक मोठी मेख आहे. कण साधारण ८-१० मायक्रॉनपेक्षा मोठे असतील तर ठिणगीत त्यांची पुरती वाफ होत नाही आणि ते मोजणीतून निसटतात. गंभीर बिघाडात तर नेमके मोठे कण निघतात. गिअरचा दात तुटू लागला, बेअरिंगची कपची उडाली, तरी पीपीएमचा आकडा शांतच राहू शकतो.

कणाचा आकारही बोलतो

ही उणीव भरून काढण्यासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्नन वेस्टकॉट यांनी दुसरी पद्धत विकसित केली. काचेच्या तिरक्या पट्टीवरून तेल संथपणे वाहू देतात आणि पट्टीखाली प्रबळ चुंबक ठेवतात. मोठे कण आधी, लहान कण पुढे, असे ते आकारानुसार ओळीने बसतात. मग पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

यात कणांची रूपे दिसतात. साध्या घासण्यातून निघणारे कण बारीक, चपटे पापुद्रे असतात. कठीण धुळीने कापलेला धातू लेथवरच्या किसासारखा वळलेला, लांबट दिसतो. गिअरचे दाते किंवा बेअरिंग थकून त्यांच्या कपच्या उडू लागल्या की मोठे, जाड तुकडे दिसतात. एकाच लोखंडाच्या या तीन कहाण्या आहेत. पीपीएमच्या आकड्यात मात्र तिघांचे नाव एकच, लोखंड.

शाळेत करून पाहू

एका लिटर तेलासाठी अशा प्रयोगशाळेचा खर्च सहसा परवडणारा नाही. पण तत्त्व कळले की साध्या साधनांनीही पुष्कळ दिसते. प्रयोगापूर्वी तीन सूचना. हातात रबरी मोजे घाला. वापरलेले तेल वारंवार त्वचेला लागणे आरोग्याला घातक असते. जवळपास ज्योत नको. आणि गाडी थोडी चालवून तेल कोमट झाल्यावरच नमुना घ्या, म्हणजे खाली बसलेले कण मिसळलेले असतील.

*१. चुंबकाचा प्रयोग.* तेल वाहत असताना सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेतले ५० मिलिलिटर तेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. दर वेळी याच टप्प्यावर नमुना घ्यायचा. त्यात तिप्पट डिझेल किंवा रॉकेल मिसळा. जुन्या लाउडस्पीकरचा चुंबक बाटलीच्या तळाला बाहेरून चिकटपट्टीने बांधा आणि बाटली एक दिवस स्थिर ठेवा. नंतर चुंबक तसाच ठेवून तेल हळूच ओतून काढा. पुन्हा दोन-तीनदा धुवा. उरलेला गाळ पांढऱ्या कागदावर घेऊन दसपट भिंगातून पाहा.

काजळासारखा मऊ, करडा लेप दिसला तर चिंता नाही. सुटे कण, सळ्या, वळलेले किस किंवा नखाला टोचणारे तुकडे दिसले तर मेकॅनिकला दाखवा. अपवाद नव्या गाडीचा. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये नवे भाग एकमेकांशी जुळवून घेत असतात आणि बराच धातू निघतो. पहिले तेल लवकर बदलायला सांगतात ते याचसाठी.

विद्यार्थी विचारतील, "हा गाळ तराजूत तोलू या का?" त्यांनाच हिशेब करू द्या. लोखंड १०० पीपीएम असेल तर ५० मिलिलिटरमध्ये ते जेमतेम ४ मिलिग्रॅम असते. गाळाला चिकटून राहिलेले तेलच त्याहून जास्त भरेल.

*२. चमक पाहणे.* पातळ केलेले तेल परीक्षानळीत घेऊन उन्हात हलवा. चंदेरी भिरभिर दिसली आणि ती चुंबकाला दाद देत नसेल तर ॲल्युमिनियमचा संशय घ्यावा. ते कण साबणाने धुऊन, शिक्षकांनी स्वतः, विरल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकून पाहावेत. ॲल्युमिनियम असेल तर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे येतात. लोखंड असेल तर येत नाहीत. डोळ्यांना चष्मा हवाच.

*३. बुडबुड्यांची शर्यत.* सारख्या दोन नळ्या घ्या. एकीत त्याच जातीचे कोरे तेल, दुसरीत वापरलेले. दोन्हींत सारखीच हवा सोडून बूच लावा. अर्धा तास एकाच बादलीतल्या पाण्यात ठेवा, कारण तेलाचा दाटपणा (पुस्तकी शब्द श्यानता) तपमानाने झपाट्याने बदलतो. मग दोन्ही नळ्या एकदम उलट्या करा. वापरलेल्या तेलातला बुडबुडा बराच लवकर वर गेला तर तेल पातळ झाले आहे. जवळच्या जवळ फेऱ्या मारल्याने त्यात पेट्रोल उतरले असेल, किंवा गिअरच्या दातांनी तेलातल्या लांब साखळीच्या रेणूंचे तुकडे केले असतील. पातळ तेल झीज दाखवत नाही, पण पुढे होणाऱ्या झिजेची सूचना देते.

*४. टीपकागदावरचा डाग.* ग्लासच्या तोंडावर गाळण कागद आडवा ठेवून त्यावर तेलाचा एक थेंब टाका आणि दिवसभर तसाच ठेवा. शाईच्या रंगांसाठी आपण करतो तोच हा प्रयोग. डाग मधून बाहेर हळूहळू फिकट होत गेला तर काजळी तरंगत ठेवण्याची तेलाची ताकद शाबूत आहे. मध्ये गडद, धारदार कडेचा ठिपका आणि बाहेर नुसते फिकट तेल राहिले तर ती ताकद संपली, तेल बदलण्याची वेळ झाली. या प्रयोगात धातू दिसत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे.

काम झाल्यावर हे तेल गटारात, विहिरीजवळ किंवा जमिनीवर ओतू नये. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते फासण्याची चालही सोडावी. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते पुनःशुद्धीकरणासाठी गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे.

सर्वांत महत्त्वाचे साधन: वही

हे सर्व प्रयोग एकदाच करून फारसे कळणार नाही. तेलात धातू आहे हे कळून काय उपयोग? तो प्रत्येक चालत्या इंजिनाच्या तेलात असतोच. पाहायचे ते हे, की या गाडीत मागच्या वेळेपेक्षा काय बदलले.

म्हणून प्रत्येक तेलबदलाला वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: तारीख, किलोमीटरचा आकडा, मधल्या काळात किती तेल भरावे लागले, नमुन्यात काय दिसले, आणि एअर फिल्टर कधी साफ केला. तिसरी नोंद विसरू नये. मध्येच नवे तेल भरले की जुन्यातला धातू विरळ होतो आणि झीज कमी झाल्याचा भास होतो. शिवाय गाडी तेल खाऊ लागली, हीच रिंगा झिजल्याची धूर दिसण्याआधीची खूण आहे. आठवड्यातून एकदा गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावून, इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी, तेलाची पातळी पट्टीवर पाहावी. जेमतेम लिटरभर तेलात पाव लिटरची घट ही मोठी घट असते.

नोंदींची तुलना किलोमीटरनुसार करावी. ३,००० किलोमीटरला जेवढा गाळ दिसला तेवढाच पुढच्या वेळी १,५०० ला दिसला, तर झिजेचा वेग दुप्पट झाला आहे. अशा वेळी लगेच इंजिन उघडायला धावू नये. आधी एअर फिल्टर, त्याची रबरी नळी आणि तिचे जोड तपासावेत. एका फाटक्या फिल्टरची किंमत नव्या सिलिंडरच्या मानाने काहीच नाही.

आमच्या सरांची गाडी आता दुरुस्त होऊन पुन्हा त्याच रस्त्याने येते. प्रयोगशाळेच्या खिडकीत चार लहान बाटल्या ओळीने ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीवर तारखेची आणि किलोमीटरची चिठ्ठी आहे. नववीची मुले भिंग घेऊन गाळ पाहतात आणि वाद घालतात. परवा सरांनी ती वही गॅरेजमध्ये नेऊन दाखवली. मेकॅनिकने पाने उलटून पाहिली आणि हसून म्हणाला, "सर, हेच मी बोटावर बघतो. फक्त मागच्या वेळचं माझ्या लक्षात राहत नाही, एवढ्या गाड्या येतात."